एसटीचं तिकीट काढून आलेला उमेदवार

सड्यावरची | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

मी चिपळूणला राहते आणि गेली १४ वर्षं नोकरभरतीचं काम करते. लोटे परशुराम, खेर्डी, अधूनमधून महाड इथल्या औद्योगिक वसाहतींत. केमिकल प्लांटचे ऑपरेटर, क्यूसीचे (गुणवत्ता तपासणीचे) केमिस्ट, बॉयलर अटेंडंट, ईटीपीवरची (सांडपाणी प्रक्रियेवरची) माणसं, स्टोअरकीपर अशा जागा भरून देणं यावर माझं घर चालतं.

गेल्या मंगळवारी स्टँडवर गाडीची वाट बघत उभी होते. एक मुलगा समोर येऊन म्हणाला, "मॅडम, ओळखलंत?" मी ओळखलं नाही. "मी मंडणगडहून मुलाखतीला आलो होतो. दोन दिवसांत कळवते म्हणाला होतात." त्याला आठ महिने झाले होते. आवाजात राग अजिबात नव्हता. दापोलीला एका दुकानात लागलोय म्हणाला, माझी जड पिशवी गाडीत चढवून दिली आणि गेला.

घरी येऊन वही काढली. माझी एक लांब वही असते. नाव, गाव, शिक्षण, कुठे पाठवलं, कधी पाठवलं, आणि शेवटचा रकाना 'कळवलं'. या वर्षाच्या पानांवर ११ नावांपुढे तो रकाना कोरा आहे. ही सगळी मुलाखतीला प्रत्यक्ष आलेली माणसं. तेव्हापासून मला धड झोप नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमचे पैसे कंपनी देते, उमेदवार नाही. चालू दर साधारण वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. माणूस ९० दिवसांच्या आत सोडून गेला तर बदली माणूस फुकट द्यायचा, असं करारात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. त्यामुळे ज्याची निवड झाली त्याला मी तीन महिने फोन करतेच. रूम मिळाली का, बस वेळेवर येते का, सुपरवायझर कसा आहे. ज्याची झाली नाही, त्याच्याशी बोलण्यात गेलेल्या वेळेचा एक रुपया मला कोणी देत नाही. रकाना कोरा राहतो तो इथेच.

पण माणूस जोडला जातो तो नेमका या बिनपैशाच्या वेळात, असा माझा अनुभव आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आलं तेव्हा माझं ऑफिस बाजारपेठेत तळमजल्यावर होतं. वह्या, फाइली, संगणक, सगळं चिखलात गेलं. उमेदवारांनी ईमेलवर पाठवलेली मार्कशीट, आयटीआयची प्रमाणपत्रं आणि अनुभवाचे दाखले मात्र मेलमध्ये शाबूत होते. ऑगस्टमध्ये फोन यायला लागले. "मॅडम, घरातले कागद गेले, तुमच्याकडे माझी एखादी प्रत असेल का?" दीड महिना रोज संध्याकाळी मी तेवढंच करत होते, जुने मेल शोधायचे आणि कागद परत पाठवायचे. त्यातल्या कित्येकांना मी कुठेच लावू शकले नव्हते. आजही कोणी नवीन मुलगा आला की विचारते, "कोणी पाठवलं रे?" आणि बऱ्याचदा त्या पुराच्या यादीतलंच नाव निघतं.

तर विचारायचं ते हे. भरतीचं काम करणारे जे कोणी इथे आहेत, ते उमेदवारांशी नातं कसं टिकवता? आणि ज्यांनी नोकऱ्या शोधल्या, त्यांना आमच्यासारख्यांकडून काय हवं होतं? मोकळेपणाने लिहा. कडू असलं तरी चालेल.

---

खाडीपलीकडे | रविवार, रात्री ११:१५

ताई, मी समोरच्या बाजूचा. गुहागर तालुका, बी.एस्सी. केमिस्ट्री. एका कंपनीने मला तीन वेळा बोलावलं. पहाटेची एसटी धरायची, चिपळूणला बदलायची, पुढे लोटे. मधल्या काळात मी काजूच्या कारखान्यात जात होतो, म्हणजे त्या तीन दिवसांची मजुरीही बुडाली. पहिल्या खेपेला १० ची वेळ देऊन अडीचला आत घेतलं. तिसऱ्या खेपेला "ऑल द बेस्ट, कळवतो" म्हणाले. त्यानंतर काहीच नाही. मी फोन केला तर उचलला नाही. मेल केला, उत्तर नाही.

शहरात बसलेल्यांच्या लक्षात येत नाही अशी एक गोष्ट आहे. पोरगा मुलाखतीला गेला हे सगळ्या वाडीला माहीत असतं. पाणंदीत, पारावर, दुकानात जो भेटेल तो विचारतो, "काय झालं रे तुझं?" अजून कळवलं नाही, हे किती दिवस सांगणार? आईने देवापुढे नारळ ठेवला होता. होकार आला की फोडायचा, नकार आला तर विसर्जन करायचा. तो दोन महिने तसाच राहिला.

मला नोकरी मिळाली नाही याचं दुःख नाही. माझी प्रयोगशाळेतल्या टायट्रेशनची तयारी कच्ची होती, मला माहीत आहे. पण ते त्यांनी सांगितलं असतं तर मी पुढच्या मुलाखतीच्या आधीच सुधारलं असतं. पुढचं वर्ष फुकट गेलं ते त्यामुळे.

---

तीनपाळी | सोमवार, सकाळी ७:५०

मी प्लांट एचआरमध्ये आहे, रायगड जिल्ह्यात. खाडीपलीकडे, तुमचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण आमची बाजूही मांडतो.

चार ऑपरेटरच्या जागेसाठी ३०० च्या वर अर्ज येतात. भरती बघायला आम्ही दोघं. त्यातच हजेरी, कँटीन, कंत्राटी कामगारांचे पीएफ, फॅक्टरी इन्स्पेक्टर आले की त्यांचे रजिस्टर. प्रत्येकाला फोन करणं शक्य नाही. दुसरं म्हणजे, नकाराचं कारण लेखी देऊ नका अशी आम्हाला वरून सक्त सूचना आहे. उद्या कोणी ते कागद घेऊन भांडायला आला तर? तिसरी गोष्ट, निवडलेला माणूस जॉइन होईपर्यंत दुसऱ्या नंबरच्या माणसाला आम्ही 'नाही' म्हणू शकत नाही. पहिला आला नाही तर त्यालाच बोलवायचं असतं. मग त्याला काय सांगणार? म्हणून गप्प बसतो. बरोबर आहे असं म्हणत नाही, पण असं होतं.

---

सड्यावरची | सोमवार, दुपारी १:०५

तीनपाळी, मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. तुमचे तिन्ही मुद्दे मी रोज ऐकते, म्हणून सविस्तर लिहिते.

३०० जणांना फोन करा असं मी म्हणतच नाही. माझा नियम असा होता, आणि तोच मी मोडला, की ज्याने एसटीचं तिकीट काढलं त्याला फोन जायलाच हवा. नुसता बायोडेटा पाठवला त्याला एक मेसेज पुरे, तोही एकदम सगळ्यांना. ३०० अर्जांतून मुलाखतीला येतात किती? २०-२५. निवडलेले चार सोडले तर उरले वीसेक फोन. दोन मिनिटांचा एक धरला तर पाऊण तासाचं काम आहे.

कारणाचं म्हणाल तर माणसाचा दोष लिहून देऊच नये. कामाला काय लागत होतं ते सांगावं. "तुला येत नाही" आणि "या जागेला बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र असलेला माणूस घेतला" यात फरक आहे. दुसऱ्या वाक्याने कोणी भांडायला येत नाही, आणि मुलाला पुढे काय करायचं तेही कळतं. मी कंपनीकडून प्रत्येक उमेदवाराबद्दल एक ओळ मागून घेते. ती मिळेपर्यंत पुढच्या जागेचे बायोडेटा पाठवत नाही. सुरुवातीला दोन कंपन्या रागावल्या. आता मुलाखतीच्या दिवशीच संध्याकाळी देतात.

दुसऱ्या नंबरच्या माणसाला खरं तेच सांगायचं. "तू दुसरा आहेस. पहिला १५ तारखेला जॉइन होणार आहे. झाला नाही तर १६ ला सकाळी मी फोन करेन. तोपर्यंत दुसरीकडे काही मिळालं तर माझ्यासाठी थांबू नकोस, फक्त मला कळव." हे सांगितल्यावर आजवर एकही मुलगा माझ्यावर चिडलेला नाही. आणि १६ तारखेला फोन करायचाच, काही नसलं तरी.

कोणी विचारेल म्हणून माझा मेसेजही देते. फोन लागला नाही तर हा पाठवते:

"नमस्कार. १२ तारखेला तुम्ही मुलाखतीला आलात. या जागेसाठी तुमची निवड झालेली नाही. तिथे एचपीएलसी यंत्रावर हात बसलेला माणूस हवा होता. तुमचं वेट केमिस्ट्रीचं काम चांगलं आहे असं त्यांनी सांगितलं. तशी जागा निघाली तर मी तुम्हाला विचारीन. तुमचं नाव यादीत ठेवू का? नको असेल तर तसं कळवा, काढून टाकते."

चांगलं काही खरंच सांगितलं असेल तरच ते वाक्य घालायचं. मनाने घातलेलं कौतुक पोरांना लगेच ओळखू येतं.

---

फिटर_मास्तर | सोमवार, दुपारी ३:३०

आयटीआयमध्ये ३१ वर्षं निदेशक होतो, आता निवृत्त. भरतीवाल्यांना एकच सांगणं आहे. तुम्ही निकाल लागल्यावर संस्थेत येता, रांग लावता, निवडता आणि जाता. पोरं पहिल्या वर्षाला असताना या. वर्कशॉपमध्ये एक तास बसा. कोणाचा हात कसा चालतो ते फायलिंग करताना, म्हणजे कानस चालवताना दिसतं, मुलाखतीत दिसत नाही. आणि शिकाऊ उमेदवारी संपल्यावर कंपनीने ठेवलं नाही तर त्या पोराचं पुढे काय झालं हे विचारायला कोणीतरी हवं. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा शिकवण्याची जबाबदारी घालतो, पुढे कायम ठेवण्याची सक्ती त्यात नाही. वर्षभर कंपनीत राहून परत गावात आलेला पोरगा फार एकटा पडतो.

---

वायंगण | सोमवार, दुपारी ४:०२

वाचतोय. वाखूसा (वाचनखूण साठवली). मास्तरांच्या शेवटच्या वाक्याला +१.

---

रातांबा | सोमवार, रात्री १०:२०

आमचं मालवणजवळ छोटं हॉटेल आहे, १२ खोल्या. भरतीची एजन्सी वगैरे आम्हाला परवडत नाही, पण माणसं आम्हालाही लागतात आणि ती टिकवणं हे आमचंही दुखणं आहे.

आमचा हंगाम दिवाळीपासून मे अखेरपर्यंत. पाऊस लागला की समुद्रातलं सगळं बंद, पर्यटक तुरळक. पूर्वी आम्ही जूनला सगळ्यांना "ऑक्टोबरात या" म्हणून सोडत होतो. ऑक्टोबरात निम्मे यायचे. उरलेले गोव्याला गेलेले असायचे, तिथे पगार जास्त. मग दर वर्षी नवी पोरं आणि नव्याने शिकवणी, माशाचं तिखलं कसं करायचं इथपासून.

पाच वर्षांपूर्वी बायको म्हणाली, पावसाळ्यात त्यांना फोन तरी करूया. तिने सुरू केलं. महिन्यातून एकदा प्रत्येकाला. भाताचा तरवा लावून झाला का, आजीची तब्येत कशी, बहिणीचं बारावीचं काय झालं. कामाचं काही बोलायचं नाही. गणपतीला जवळच्यांच्या घरी आम्ही दोघं जाऊन येतो. त्या वर्षी ऑक्टोबरात एक सोडून सगळे परत आले. आमचा कुक म्हणाला, "गोव्यात दोन हजार जास्त देय होते. पण पावसात काकीनी फोन केल्यानी, म्हणान इलंय."

अर्थात नुसत्या फोनवर पोट भरत नाही हे मलाही कळतं. आता जून ते सप्टेंबर तिघांना अर्ध्या पगारावर ठेवतो, रंगकाम आणि दुरुस्त्या करून घेतो. सगळ्यांना ठेवणं झेपत नाही. ज्यांना ठेवू शकत नाही त्यांना मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच सांगतो, म्हणजे त्यांना दुसरं काही बघायला वेळ मिळतो.

---

हापूसबाग | मंगळवार, सकाळी ६:३०

रत्नागिरी तालुका, आंब्याची बाग. राखणीला आणि काढणीला आमच्याकडे नेपाळची माणसं येतात, दिवाळीच्या आसपास येतात आणि हंगाम संपला की जातात. मिरकरवाड्याच्या बोटींवरही तीच गोष्ट, मासेमारी बंदीचे ६१ दिवस, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, खलाशी घरी जातात.

पुष्कळ जण माणूस परत यावा म्हणून उचल देतात. मीही देत होतो. उचल घेऊन माणूस दुसऱ्याच बागेत गेल्याचे प्रसंग दर वर्षी ऐकतो. आमच्या बागेत एकच जोडपं ११ वर्षं येतंय. त्यांना उचल देत नाही. शेवटच्या दिवशी हिशेब वहीवर समोर बसून करतो, पै न पै, आणि मुलांच्या शाळेचं तिकडे काय चाललंय ते विचारतो. उचलीने माणूस अडकतो, पण तो आपला होत नाही असं माझं मत झालं आहे.

---

डेकवरून | मंगळवार, दुपारी १२:४५ (जहाजाच्या वेळेप्रमाणे काहीतरी वेगळंच)

सध्या जहाजावर आहे, नेट मिळालं म्हणून लिहितो. गाव दाभोळ खाडीकडे. मर्चंट नेव्हीत १६ वर्षं.

आमच्या क्षेत्रात भरती करणाऱ्याकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे सरकारच्या नौवहन खात्याचा, आरपीएसएल हा खलाशी भरतीचा परवाना असावा लागतो. एमएलसी २००६ या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घेता येत नाहीत. भारताने तो करार २०१५ मध्ये स्वीकारला. तरीही आपल्या किनाऱ्यावरच्या किती पोरांनी जमीन गहाण टाकून एजंटला पैसे दिले आहेत ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. माझ्या वाडीत तीन घरं आहेत. त्यामुळे आमच्याकडे भरतीवाल्याशी नातं म्हटलं की पहिला प्रश्न हाच, पैसे मागतो का? मागितले तर तिथून उठायचं. हे तरुण पोरांनी कृपया लक्षात ठेवा. मेडिकल, पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंद-पुस्तक) यांचा खर्च आपला असू शकतो, पण नोकरीचे पैसे नाहीत.

मी १६ वर्षांत कंपनी एकदाच बदलली. पुन्हा बदलली नाही याचं कारण आमच्या ऑफिसातल्या एक मॅडम. मी जहाजावर असताना २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं, ३ जूनला. आमच्या घराची कौलं गेली, तीन दिवस कोणाचाच फोन लागत नव्हता. त्या मॅडमनी कुठून कुठून नंबर शोधून गावातल्या एका माणसाला गाठलं, घरची माणसं सुखरूप आहेत का ते विचारलं आणि जहाजावर मला निरोप दिला. त्यांच्या कामाच्या यादीत हे नव्हतं. वर त्या काळात क्रू बदलणं बंद होतं, माझा करार संपून तीन महिने झाले होते. त्यांनी एकदाही "लवकरच सोडवतो" असं खोटं सांगितलं नाही. दर सोमवारी सांगायच्या, "या आठवड्यातही नाही." तो सोमवारचा निरोप मला पुरत असे.

---

सुपारीची_बाग | मंगळवार, दुपारी २:१०

डेकवरून, तुम्हाला सलाम. आमच्या म्हसळा-श्रीवर्धनकडे आखातात जाणारे जास्त, त्यांच्यासाठी दोन ओळी. परदेशी नोकरीचा एजंट १९८३ च्या परदेश स्थलांतराच्या कायद्याखाली नोंदणी झालेला असावा लागतो, सरकारच्या ईमायग्रेट या संकेतस्थळावर त्याचं नाव बघता येतं. त्याला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, पावती द्यावी लागते. माझ्या वडिलांना ज्यांनी पाठवलं त्यांनी बेसिक किती, ओव्हरटाइम धरून किती, हे वेगवेगळं लिहून दिलं होतं. पुढे माझ्या दोन्ही भावांनी दुसऱ्या कोणाचं दारच बघितलं नाही.

---

सुरंगी | मंगळवार, रात्री ९:००

मी मूळची सावंतवाडीची, पुण्यात आयटी भरतीत आहे. वरचे प्रतिसाद वाचून भरून आलं. पण एक प्रश्न आहे, कोणीतरी विचारायलाच हवा. उमेदवारही आम्हाला असंच करतात. ऑफर घेतात, ९० दिवसांचा नोटीस पीरियड आहे म्हणून आम्ही थांबतो, आणि जॉइनिंगच्या आदल्या दिवशी फोन बंद. जुन्या कंपनीने पगार वाढवून दिलेला असतो. मी त्या माणसाची तीन महिने काळजी घेतलेली असते, अगदी त्याच्या बाळाच्या बारशाला शुभेच्छा पाठवलेल्या असतात. मग वाटतं की हे नातं एकतर्फीच होतं. सड्यावरची ताई, तुमच्याकडे असं होत नाही का?

---

सड्यावरची | बुधवार, पहाटे ५:५५

सुरंगी, होतं. दर महिन्याला होतं. रात्री तुझा प्रतिसाद वाचला आणि त्यावर विचार करत राहिले.

पहिली काही वर्षं मलाही फसवल्यासारखं वाटायचं. मग मी न आलेल्यांच्या घरी जायला लागले. भांडायला नाही, विचारायला. खेडजवळ एका मुलाच्या घरी गेले तर त्याचे वडील म्हणाले, "तो तुम्हाला बघतो म्हणाला होता ना?" हो, म्हणाला होता. मी तो होकार धरला होता. आपल्याकडे 'बघतो' म्हणजे काय ते मी कोकणात जन्मून विसरले होते. मोठ्या माणसाच्या तोंडावर नाही म्हणायचं नाही असंच त्या पोराला शिकवलेलं. 'बघतो', 'घरी विचारतो', 'गणपती झाले की सांगतो', हे सगळे नकार आहेत, आणि ते ऐकू येणं हे माझं काम आहे.

तेव्हापासून मी नकाराची वाट मीच मोकळी करून देते. ऑफर लेटर हातात देताना विचारते, "कशामुळे तू येणार नाहीस, ते आत्ताच सांग. मी रागावणार नाही." मग खरं बाहेर येतं. दुसरी पाळी रात्री ११ ला सुटते, त्यानंतर गावाकडे गाडी नाही. पावसात परशुराम घाट बंद झाला तर काय? मुंबईला मामा रूम बघतोय. बाबा एकटे आहेत, एप्रिल-मे मध्ये बागेत मीच लागतो. यातल्या अर्ध्या गोष्टी सुटणाऱ्या असतात. एका कंपनीची बस तीन किलोमीटर पुढे न्यायला लावली तर चार मुलं टिकली. ज्या सुटत नाहीत, त्या जॉइनिंगच्या आधीच कळलेल्या बऱ्या.

तुझ्याकडे जुनी कंपनी पगार वाढवून देते, आमच्याकडे तेवढे पैसे कोणी देत नाही, त्यामुळे तुझं दुखणं मला पूर्ण कळेल असं नाही. पण एक विचारते. ऑफर देताना "तुझी कंपनी तुला थांबवायला बघेल, तेव्हा तू काय करशील?" हे तू पहिल्याच दिवशी विचारतेस का? आणि गेलेल्या माणसाला नंतर फोन करतेस का? मी करते. एक महिन्याने. "राहिलास ते ठीक, तिथे बरं चाललंय ना?" एवढंच. तो ओशाळतो, आणि पुढच्या वेळी आधी सांगतो.

पगाराबद्दलही एक. ऑफरमधला आकडा आणि हातात येणारा आकडा यातल्या फरकामुळे जितकी माणसं पहिल्या महिन्यात गेली तितकी दुसऱ्या कशामुळे गेली नसतील. मी कागदावर समोर मांडून दाखवते. बेसिकवर पीएफचे १२ टक्के, पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआयसीचे (कामगार विम्याचे) ०.७५ टक्के, व्यवसाय कर महिन्याला २०० (बायकांना २५,००० पर्यंतच्या पगाराला तो नाही), कँटीन आणि बसचे असतील तर तेही. खाली उरलेला आकडा मोठ्या अक्षरात लिहून त्याला म्हणते, हा फोटो काढ आणि घरी दाखव. घरच्यांनी हिशेब बघितला की मुलगा पहिल्या पगाराच्या दिवशी फसल्यासारखा होत नाही. कंपनीला हे आवडत नाही, आकडा छोटा दिसतो म्हणून. मी तरी करते.

वास येतो, हेही सांगते. केमिकलमध्ये वास असतो. आधी सांगितलेला माणूस टिकतो.

---

सुरंगी | बुधवार, सकाळी ९:१०

पहिल्या दिवशी विचारत नाही, ताई. भीती वाटते की मीच त्याच्या डोक्यात घालतेय. आजपासून विचारून बघते.

---

वहाळ | बुधवार, सकाळी ११:३०

धागा सुंदर चाललाय, पण पुराच्या प्रसंगावर एक शंका आहे. चांगल्या मनाने केलंत हे मान्य, पण उमेदवारांचे कागद वर्षानुवर्षं मेलमध्ये ठेवणं योग्य आहे का? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीवर भर देतो. आधारच्या प्रती, पत्ते, फोन नंबर, सगळं तुमच्याकडे. मेल हॅक झाला तर? आणि तुमच्या वहीत लोकांच्या घरच्या गोष्टीही असतात असं दिसतंय. नातं म्हणून विचारलेलं आणि नोंद म्हणून साठवलेलं, यात फरक आहे.

---

सड्यावरची | बुधवार, रात्री ८:२०

वहाळ, शंका रास्त आहे, आणि याचं उत्तर मला २०२१ मध्ये सुचलंही नव्हतं. सध्या असं करते. आधारची प्रत घेतच नाही, ती जॉइनिंगच्या वेळी कंपनीने घ्यावी. दोन वर्षं संपर्क नसेल तर विचारून कागद काढून टाकते. मुलांना माझ्यासमोर बसवून डिजिलॉकर उघडायला लावते. आपल्या बोर्डाची दहावी-बारावीची मार्कशीट त्यात मिळतात, मग पूर आला तरी माझ्या मेलवर अवलंबून राहायला नको.

वहीत घरचं लिहिते ते फक्त कामाच्या वेळेशी संबंधित. 'शिमग्याला पालखी याच्या घरी थांबते, त्या दोन दिवसांत मुलाखत नको' असं. कोणाचं आजारपण, कर्ज, भांडण लिहीत नाही. तरी तुम्ही म्हणता ते मनात ठेवते. या रविवारी वही पुन्हा वाचून काढीन.

---

तीनपाळी | शुक्रवार, संध्याकाळी ६:४५

आज १७ फोन केले. सव्वा तास लागला. दोघांनी उचलला नाही. एकजण म्हणाला, "साहेब, कंपनीकडून 'नाही' सांगायला फोन येतो हे पहिल्यांदा बघितलं." वरच्यांना विचारून कारणाची ओळ 'जागेला काय हवं होतं' या स्वरूपात लिहायला परवानगी मिळाली आहे, फक्त तोंडी. लेखीचं बघू.

---

खाडीपलीकडे | शुक्रवार, रात्री १०:३०

तीनपाळी साहेब, धन्यवाद. त्या १७ जणांच्या वतीने म्हणतो.

---

सड्यावरची | पुढचा रविवार, रात्री ९:१५

११ फोन करायचे होते, ते पूर्ण झाले. माफी मागितली, कारण सांगितलं, यादीत राहायचं का विचारलं. सात जण बोलले. त्यातले चार कामाला लागलेत. एकाने "आता काय उपयोग" म्हणून फोन ठेवला, त्याचं बरोबर आहे. दोन नंबर बंद झालेत, त्यांच्या गावातल्या ओळखीच्यांकडे निरोप ठेवलाय. मंडणगडच्या मुलाला सगळ्यात आधी केला. त्याला दुकानात बरं चाललंय, प्लांटमध्ये यायचं नाही म्हणाला. पण ज्या जागेसाठी तो आला होता तिथे त्याच्यात काय कमी पडलं, हे मात्र त्याने दोनदा विचारून घेतलं.

अकराव्या नंबरवर आई होती, दापोलीजवळची. मुलगा आता पुण्याला असतो. मी कोण ते सांगितल्यावर थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तो तुमच्या फोनची वाट बघायचा हो. रेंज येते म्हणून विहिरीकडे जाऊन बसायचा." मला काही बोलता आलं नाही. त्यांनीच पुढे विचारलं, शेजारची एक मुलगी आहे, डी. फार्म. झालीय, घरात बसून आहे, तिच्यासाठी काही आहे का?

तिचं नाव वहीत लिहिलं आहे. मंगळवारी दुपारी बोलायचं ठरलं, तिला तेव्हा मोकळा वेळ असतो. खेड, लोटे किंवा चिपळूणमध्ये फार्मसी स्टोअर, डिस्पेन्सिंग किंवा पॅकिंगच्या क्यूएमध्ये (गुणवत्ता विभागात) जागा असेल आणि दिवसपाळी असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नसेल तरी तिला मंगळवारी तसं सांगायचं आहे, म्हणून सोमवार रात्रीपर्यंत कळवा.